चुकीच्या की बनावट

८ जानेवारी

प्रिय भावजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून काही वाईट बातमी असेल असं वाटलं असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, घाबरू नका. कामासाठी लिहिते आहे.

आपला छोटा कोश आठवतो ना? तुम्ही, मी आणि हे, तिघांनी मिळून केलेला? खऱ्याखोट्याचा कोश म्हणायचो आपण त्याला. डावीकडे इंग्रजी, मधे रशियन, उजवीकडे मराठी, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त दोनच विषय, जे खरं आहे ते आणि जे खोटं केलं आहे ते. इतकी वर्षं मला वाटत होतं की आपल्या तिघांखेरीज ते पुस्तक कुणी उघडलंच नसेल. परवा प्रकाशकांची सून घरी आली. आता सगळा कारभार तीच बघते. म्हणाली, "काकू, तुमच्या कोशाच्या झेरॉक्स फिरतायत. वकील मागतात, वर्तमानपत्रवाले मागतात. नवी आवृत्ती काढू, पण नवे शब्द घालून द्या."

नवे शब्द म्हणजे फेक न्यूज, डीपफेक, फॅक्ट-चेक, असलं सगळं. रशियन बाजू मी बघेन. इंग्रजी बाजू तुमच्याशिवाय कोण करणार? यांच्याही मनात तेच आहे.

यादी सोबत जोडली आहे. घाई नाही. पण उत्तर द्या.

परवा त्या रस्त्याने गेले होते. आपलं भाषांतर कार्यालय होतं त्या मजल्यावर आता दातांचा दवाखाना झाला आहे. खिडक्या त्याच आहेत. खिडकीकडे तुमचं इंग्रजी, भिंतीकडे माझं रशियन, आणि लांब टेबलाच्या टोकाला निळी पेन्सिल घेऊन दोघांचंही तपासणारे हे. तुम्ही कॉलेजातून नुकते आला होतात आणि पहिल्याच दिवशी माझ्या शब्दकोशावर शाईची बाटली उपडी केलीत. ‘प’पासूनची पानं अजून निळी आहेत.

तुमची
वहिनी


१९ जानेवारी

सौ. वहिनींना सादर नमस्कार,

पत्र बघून घाबरलो नाही असं लिहिलं तर ते वाक्य तुमच्या कोशात उदाहरण म्हणून घालावं लागेल. चांगलाच घाबरलो. शेजारच्या शिंप्याच्या दुकानात बसून फोडलं.

शब्द पाठवतो. फॅक्ट-चेकला माझ्या मते एकच शब्द आहे, ‘शहानिशा’. हा मी कोशात बघून सांगत नाही, कारण गेली काही वर्षं तेच माझं पोटापाण्याचं काम आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत कोपऱ्यातलं टेबल मिळालंय. बातमी आली की ती खरी की कुणी रचलेली, हे बघायचं. इथली मुलं मला शहानिशाकाका म्हणतात. तोंडावर काका म्हणतात, पाठीमागे काय म्हणतात त्याची शहानिशा केलेली नाही.

डॉक्टर्ड फोटो. इंग्रजीत खोटेपणा करायला डॉक्टर लागतो, सही ‘फोर्ज’ करायला लोहार लागतो, आकडे ‘कुक’ करायला आचारी लागतो. आपल्याकडे ‘फेरफार’ या एका शब्दात सगळे धंदे येतात. आकडे ‘कुक’ करणं याला तिकडे भलताच जोर आहे. इंग्रज आकडे पुरते शिजवून काढतो, आपण नुसतं तिखटमीठ लावतो. म्हणून तिथे ‘तिखटमीठ लावणे’ चालणार नाही, ‘हिशेब बनवणे’ घ्या. डीपफेकला ‘बनावट चित्रफीत’ म्हणू आणि पुढे जाऊ. फार विचार केला की शब्द आखडतो, असं दादाच म्हणायचा.

फॅब्रिकेट तसाच ठेवा. त्या शब्दावरून आपण तिघं एक अख्खी संध्याकाळ भांडलो होतो. किटलीतला चहा संपला, रखवालदार दोनदा किल्ल्या वाजवून गेला, आणि मग दादा टोपी घालता घालता म्हणाला, "सोपं आहे रे. फॅक्ट म्हणजे घडलेलं. फॅब्रिकेटेड म्हणजे घडवलेलं. मधे एक ‘व’ घुसला की खऱ्याचं खोटं होतं." जिन्यावरून उतरताना आपण तिघंही मोठमोठ्याने तेच म्हणत होतो. तेवढं श्रेय त्याचंच आहे, आणि ते मी कुणालाही नाकारू देणार नाही.

त्याला विचारून कळवा, ‘शहानिशा’ पास की नापास? निळी पेन्सिल अजून आहे का त्याच्याकडे?

आपला
भावजी


२ फेब्रुवारी

प्रिय भावजी,

तुमचे शब्द मी यांना एकेक करून मोठ्याने वाचून दाखवले. ‘शहानिशा’वर हे काही बोलले नाहीत. मी ठेवला आहे. ‘हिशेब बनवणे’वरही बोलले नाहीत. शिंप्याच्या दुकानात पत्र फोडलंत हे वाचलं तेव्हा मात्र हसले.

निळी पेन्सिल आहे. टोक मी काढून देते. हल्ली यांचं अक्षर फार बिघडलंय म्हणून लिहिण्याचं सगळं माझ्याकडेच आलंय.

आता माझी अडचण. रशियनमध्ये नवा शब्द आला आहे, व्ब्रोस. शब्दशः ‘आत फेकणे’. मुद्दाम कुठूनतरी खोटी बातमी आत सोडून द्यायची आणि मग बाजूला उभं राहून गंमत बघायची. मी ‘पेरलेली बातमी’ असं केलंय. पेरली की उगवते, म्हणून मला आवडला. इंग्रजीत याला काय?

आणि तो भला लांबलचक शब्द आठवतो, अच्कोव्तिरातेल्स्त्वो? तुम्हाला तो एका दमात कधीच म्हणता आला नाही. काम झालेलं नसताना झाल्याचं वरिष्ठांना दाखवणं. मी चष्म्याच्या काचा चोळणं असा अर्थ सांगितला होता, आणि तुम्ही म्हणालात, "वहिनी, मग काचा स्वच्छ होतील की!" मागाहून कळलं की तो जुगाऱ्यांचा शब्द मानतात, पत्त्यावर भुकटीने खोटे ठिपके उमटवायचे, त्यावरून आलेला. पण आपण लावलेला ‘धूळफेक’ तरी बरोबरच निघाला. भुकटी काय आणि धूळ काय.

कालच व्रान्योपाशी आले आणि एकटीच हसत बसले. रशियनमध्ये खोट्याला दोन निराळे शब्द आहेत, हे तुम्हाला पटत नव्हतं. मी म्हटलं, कुणाला फसवायला बोलतात ते लोझ, आणि भावजी उशिरा आल्यावर सांगतात ते व्रान्यो. बोलणाऱ्यालाही ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक, तरी दोघांना मजा येते. एकदा तुम्ही सांगितलंत की कुत्र्याने डावा बूट पळवला, त्याच्यामागे धावताना उजवाही हरवला, म्हणून मित्राचे बूट घालून आलो. यांनी टेबलाखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "मित्राच्या बुटांना तुझ्या बुटांचंच भोक कसं पडलं?" मराठीत ‘थापा’ लिहून आपण मोकळे झालो होतो.

त्या टेबलापाशी मी फार सुखात होते, भावजी. तेव्हा ते कळत नव्हतं, एवढंच.

तुमची
वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

इंग्रजीतही ‘पेरलेली’ असंच म्हणतात. तुमचा शब्द उत्तम आहे. शब्दांचं काम इथे संपलं.

आता एक विचारतो, राग मानू नका. मी विचारलेल्या एकाही शब्दावर दादा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. ‘काही बोलले नाहीत’. हे गप्प बसणं मला नवं नाही. त्याच गप्प बसण्यामुळे मी घर सोडलं, कार्यालय सोडलं, गाव सोडलं. तुम्ही हे कधी माझ्या तोंडून ऐकलेलं नाही. आज लिहितो.

कागद कारखान्यातला बॉयलर फुटला, माणसं मेली, त्यांत बॉयलर सांभाळणाराही गेला. चौकशीला दोन परदेशी तज्ज्ञ आले. एकाने इंग्रजीत मुख्य अहवाल लिहिला, तो माझ्याकडे आला. दुसऱ्याने रशियनमध्ये पुरवणी जोडली, ती तुमच्याकडे. इंग्रजीत लिहिलं होतं, दाबाच्या नोंदी ‘फॉल्स’ होत्या. आता फॉल्स म्हणजे चुकीचं, आणि फॉल्स म्हणजे मुद्दाम खोटं केलेलंही. मी अख्खा अहवाल वाचला होता. खाली बॉयलरवाला रोज आकडे टिपायचा, आणि वर व्यवस्थापकाच्या खोलीत ते बदलून नव्या कागदावर उतरायचे. मी लिहिलं, ‘नोंदी बनावट होत्या’. खाली सही केली.

छापून आलं, ‘नोंदी चुकीच्या होत्या’. सही माझीच, दुरुस्ती दादाच्या निळ्या पेन्सिलीची.

एक शब्द. बनावट म्हटलं की बोट वरच्या खोलीकडे जातं. चुकीच्या म्हटलं की खालच्या माणसाकडे, आणि तो तर मेलेला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याच्या हलगर्जीपणाच्या बातम्या. त्याच्या दारावर कुणीतरी कोळशाने काय लिहिलं ते मी जाऊन पाहिलं. त्याची बायको ते पुसत होती.

मी दादाला सगळ्यांसमोर विचारलं, तुम्हीही भिंतीकडच्या बाजूला होतात. तो पेन्सिलीला टोक काढत राहिला. म्हणाला, "फॉल्सचे दोन्ही अर्थ होतात." आणि त्यानंतर एक अक्षर बोलला नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, मी सामान बांधत होतो तेव्हाही नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या पुरवणीत रशियन तज्ज्ञाने असा शब्द वापरला होता की ज्याला दुसरा अर्थच नाही. पद्लोझ्निये. तुम्ही ‘मुद्दाम बदलून घातलेल्या’ असं चोख भाषांतर केलं होतं, पण शेवटच्या पानावर बारीक टाइपात ते कुणी वाचलंच नव्हतं. ते पान घेऊन मी चौकशी समितीपुढे गेलो. मेलेल्या माणसावरचा डाग गेला. दादाची खुर्चीही गेली. पहिल्याचा मला आजही आनंद आहे. दुसऱ्याबद्दल मी कधी कुणाशी बोललेलो नाही.

मला फक्त ‘का’ हवंय. धमकी होती? मोह होता? की त्याला खरंच तसं वाटलं? दादाला स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायला सांगा. अक्षर कितीही बिघडलेलं असू दे, मी वाचीन. नाहीतर यापुढे मला शब्द विचारू नका.

भावजी


२० फेब्रुवारी

प्रिय भावजी,

हे लिहू शकत नाहीत. बोलूही शकत नाहीत.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी झालं. दाढी करून बाहेर आले आणि म्हणाले, "ते दे. ते." मी टॉवेल दिला, तर नाही. कंगवा दिला, नाही. चष्मा दिला तर माझ्यावर ओरडायला गेले, आणि आवाजच निघाला नाही. उजवी बाजू लुळी पडत खुर्चीवर बसले. आता काठी घेऊन चालतात. हात थोडा सुधारला आहे. पण वाचा नाही, एखाददुसरा शब्द निघतो तोही भलताच. डॉक्टर म्हणतात, यांना सगळं समजतं, शब्द आत आहेत, बाहेर यायची वाट बुजली आहे. एक बाई येतात शिकवायला, चित्रांचे पत्ते घेऊन. चमचा, किल्ली, कंदील. ज्या माणसाने एका काना-मात्रेसाठी छापखाना थांबवला, तो चमच्याच्या चित्राकडे बघतो आणि त्याच्या कपाळावर घाम येतो. मला बघवत नाही. मी ओट्यापाशी जाऊन उगीच भांडी वाजवते.

तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही दयेने आला असतात. ते यांना खपलं नसतं. मलाही नाही. मग ती सून कोशाचं बोलणं घेऊन आली आणि मला वाटलं, हा रस्ता बरा आहे. कामाच्या आडून तुमचं पत्र घरात येईल, मी ते मोठ्याने वाचीन. तुमचं नाव मीच सुचवलं, यांनी नाही. ‘यांच्याही मनात’ वगैरे माझं. पण तुमचं पत्र वाचताना हे मान वर करून बसतात, आणि मी थांबले की बोटाने टेबलावर टकटक करतात, पुढे वाच म्हणून. हे खरं आहे.

आणि तुम्ही ‘का’ म्हणून विचारलंत. आजारी पडण्याआधी एकदा हे आपण होऊन म्हणाले होते. संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. म्हणाले, "धाकट्याचं नुकसान होऊ नये, ही एकच तळमळ होती. म्हणून मी तो शब्द बदलला." तुम्हाला कळवायचं कळवायचं म्हणता राहून गेलं.

आता मन मोकळं करा.

तुमची
वहिनी


१ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र जिन्यात उभ्यानेच वाचलं. खालून वर जाणारी माणसं मला वळसा घालून जात होती. घरी येऊन पुन्हा वाचलं. मग तुमची आधीची पत्रं काढली, आणि ‘काही बोलले नाहीत’ जिथे जिथे लिहिलं होतं तिथे बघत बसलो. मी काय काय लिहून पाठवलं तुम्हाला. त्याला एक हो म्हणता येत नाही का, असा माझा थाट. ते तुम्ही त्याला मोठ्याने वाचून दाखवलंत का? तेवढं पत्र दाखवलं नसेल तर बरं होईल.

आता दुसरं. वहिनी, गॅलरीतलं ते वाक्य दादाचं नाही.

रागावू नका. मला ते खरं हवं होतं. इतकं हवं होतं की पहिल्या वाचनात मी ते खरं धरूनच चाललो होतो, डोळेसुद्धा पुसले. पण सवय कुठे जाते? दादाने जन्मात कधी ‘तळमळ’ हा शब्द उच्चारलेला नाही. तो तुमचा शब्द आहे. तुमच्या रशियन कथांमध्ये सगळ्यांना तळमळ असते, नायिकेला असते, तिच्या नवऱ्याला असते, एकदा तर स्टेशनमास्तरालाही होती. दादा निळ्या पेन्सिलीने तो शब्द खोडायचा, वर ‘काळजी’ लिहायचा, आणि तुम्ही छापखान्यात जाऊन पुन्हा तळमळ करून यायचात. आणि दादा मला कधीही धाकट्या म्हणालेला नाही. तोंडावर शहाणा, पाठीमागेही शहाणा. "आला का शहाणा?" "शहाण्याने आज काय लोणकढी थाप आणली?" जिने हे वाक्य रचलं तिला आम्हा दोघांबद्दलही माया आहे, एवढंच ते वाक्य सिद्ध करतं.

पद्लोझ्निये ज्यातून निघाला त्या पद्लोग या शब्दाची फोड तुम्हीच मला करून दाखवली होती. खऱ्याच्या जागी हळूच खालून सरकवलेलं. तुम्ही माझ्या डोक्याखाली उशी सरकवलीत. मऊ आहे. पण ती तुमची आहे, दादाची नाही, आणि तिच्यावर डोकं ठेवून मला झोप येणार नाही.

‘का’ आता कळणार नाही, असं दिसतं. नाही तर नाही. मी येतो आहे. दयेने येत नाही. कोशाची मुद्रितं आली असतील, ती दोघांनी बसून तपासायची असतात.

भावजी


६ मार्च

प्रिय भावजी,

पकडलंत. कान धरून उभी आहे असं समजा. ते वाक्य लिहिताना मी ‘काळजी’ लिहून पाहिलं होतं. पण ते फार कोरडं वाटलं आणि हात वळला. तुमच्यासारखा दीर असल्यावर बाईने खोटं बोलायचं तरी कसं?

नाही, तेवढं पत्र वाचून दाखवलं नव्हतं.

या. येताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. त्यांच्या तोंडाकडे फार वेळ टक लावून बघू नका, त्यांना संताप येतो. त्यांचं वाक्य अर्धवट राहिलं तर तुम्ही पुरं करू नका, तो तर तुमचा जुनाच रोग आहे. आणि हो-नाहीवर विसंबू नका, हो म्हणायचं असताना नाही निघतं. सकाळी एवढा मोठा वाडगा पुढे ओढत "नाही, नाही" म्हणतात.

मागची खोली झाडून ठेवली आहे.

वहिनी


४ एप्रिल

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचलो. खोलीत धूळ साचली होती. शिंप्याने विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?" मी म्हटलं, "घरी." तो म्हणाला, "मग हे काय आहे?"

तुम्ही रोज सकाळी औषधांच्या दुकानात जायचात तेव्हा आम्ही दोघं काय करायचो, ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगितलं नाही. आता सांगतो. आम्ही पत्ते खेळायचो. त्या बाईंचे चित्रांचे पत्ते. मी एक टाकायचो, तो बघायचा. किल्लीला ‘दार’ म्हणाला. मी म्हटलं, जवळ आलास. कंदिलाला काहीच म्हणाला नाही. मग छत्री आली. छ, छ, करत राहिला, मान हलवली, पत्ता टेबलावर आपटला. आणि एकदम, स्वच्छ, तुमच्या उच्चारात म्हणाला, "झोन्तिक."

वहिनी, तो हसायला लागला. मीही. छत्री येईना, पण रशियन छत्री आली! मी पत्त्याची मागची बाजू बघितली. बाई तिथे तारीख घालून बरोबर-चूक अशी खूण करतात. छत्रीपुढे आठवडेच्या आठवडे फुल्या आहेत. त्यांना वाटत असणार, काहीतरी असंबद्ध बडबडतो आहे. तो कितीदा बरोबर उत्तर देऊन नापास झाला असेल कोण जाणे. मी बाईंना चिठ्ठी लिहून ठेवली आहे. तुम्ही त्याला रशियन पहिल्यांदा शिकवलंत ते कार्यालयातून घरी जाताना, रस्त्यात दिसेल त्या वस्तूचं नाव सांगून. माझ्या देखत. मी मागून चालायचो, माझ्याकडे कुणी बघायचं नाही. मराठीची वाट बुजली असेल, पण तो रस्ता मोकळा आहे. त्या वाटेने जाऊन बघा.

दुसरंही सांगतो.

मी काही विचारायचं नाही असं ठरवून आलो होतो, आणि विचारलं नाही. शेवटच्या सकाळी मुद्रितं तपासत होतो. मी मोठ्याने वाचायचो, तो निळ्या पेन्सिलीने डाव्या हाताने समासात रेघ मारायचा. चूक दिसली की रेघ. त्याने माझ्या तीन चुका पकडल्या, त्यांतली एक तर मलाही दिसली नव्हती. मग ‘फॉल्स’ आला. मी वाचलं, एक, चुकीचा. दोन, खोटा, बनावट. पुढच्या शब्दाकडे जाणार तोच त्याने पेन्सिल त्या ओळीवर टेकवली. हलेना. तुम्ही बजावलं होतं म्हणून त्याच्या तोंडाकडे न बघता पेन्सिलीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "चूक नव्हती."

दोनच शब्द. रेल्वेत बसल्यापासून त्यांचं भाषांतर करतो आहे. ‘माझी चूक नव्हती’, असं म्हणाला का? मी बदललं ते बरोबरच होतं, असं? की ‘ती चूक नव्हती’? त्या नोंदी चुकीच्या नव्हत्या, बनावटच होत्या, शहाण्या, तू बरोबर होतास? आयुष्यभर त्याने मला सांगितलं की आगापिछा बघ, अर्थ तिथेच सापडतो. मी सगळा आगापिछा बघितला. दोन्ही अर्थ लागतात.

तुम्ही त्याला माझ्यापेक्षा जास्त ओळखता. तुम्ही काय लिहिलं असतं?

तुमचा
भावजी


११ एप्रिल

प्रिय भावजी,

झोन्तिकचं वाचल्यापासून घरभर रशियन चालू आहे. चमचा अजून येत नाही, पण ‘लोझ्का’ आलं. काल चंद्र दाखवला तर ‘लुना’ म्हणाले आणि लगेच, पाठोपाठ, ‘चंद्र’. एका शब्दाने दुसऱ्याला हाताला धरून बाहेर आणलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंत? मला सुचलंच नाही. मी मराठीतच भांडी वाजवत बसले होते.

आता तुमच्या दोन शब्दांचं. तुमचं पत्र येऊन चार दिवस झाले. उत्तर लिहायला बसले आणि उठले, असं चाललं होतं. एक उत्तर लिहून ठेवलं होतं, त्यात मी दुसरा अर्थ दिला होता, तुम्हाला हवा आहे तो. कारणंही चांगली जुळवली होती. वाचून बघितलं, आणि स्वतःच फाडलं.

खरं ते सांगते. ‘चूक नव्हती’ असं हे तुम्ही येण्याच्या आधीपासून म्हणतात. दूध उतू गेलं तेव्हा म्हणाले. दारावर पोस्टमन आला तेव्हा म्हणाले. पायमोजे उलटे घातले गेले तेव्हा म्हणाले. डॉक्टर सांगतात की अशा आजारात एखादं वाक्य सुटं राहतं आणि जीभ तेच उचलते, त्यात अर्थ असेलच असं नाही. तुम्ही घरात होतात तेव्हाही एकदा म्हणाले होते, तुम्ही अंघोळीला गेला होतात. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. तुमच्या त्या सकाळचं मला ठाऊक नव्हतं.

एवढी वाक्यं जगात असताना हेच का सुटं राहिलं, ते मी यांना विचारू शकत नाही. तुम्हीही नाही.

पण तुम्ही ‘काय लिहिलं असतं’ असं विचारलंत, तर जे या डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहिते. तुम्ही गेलात त्या दुपारी मी तुम्हाला रिक्षापर्यंत सोडून वर आले, तर हे खुर्चीत नव्हते. दारापाशी जमिनीवर बसले होते, भिंतीला टेकून. कपाटातून बाहेर जायचे बूट काढले होते आणि एका हाताने आणि दुसऱ्याच्या लुळ्या बोटांनी नाडी बांधायला बघत होते. आजारपणानंतर ते बूट त्यांनी कधी मागितले नव्हते. मी म्हटलं, "कुठे निघालात?" तर स्टेशनच्या दिशेला हात केला. मी म्हटलं, "अहो, गाडी गेली असेल." ऐकेनात. शेवटी मी नाड्या बांधून दिल्या. संध्याकाळपर्यंत बूट घालून दाराकडे तोंड करून बसले होते.

याचा अर्थ मी लावत नाही. हे पद्लोझ्निये नाही, एवढीच ग्वाही देते.

मुद्रितांची दुसरी फेरी पुढच्या महिन्यात येणार आहे. प्रकाशकांची सून विचारते, तुमच्याकडे टपालाने पाठवू का? मी अजून तिला काही सांगितलेलं नाही. आज सकाळी हे पुन्हा बूट घालून बसले आहेत, आणि काढू देत नाहीत.

तुमची
वहिनी